निळ्या ड्रममधला निवडुंग

आज सकाळी निवडुंगाला फूल आलं आणि मला काहीच वाटलं नाही.

चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले होते. काल संध्याकाळपर्यंत कळी होती, टोकाला जरा पिवळी झालेली. आज बघते तर उमललेली. पिवळं, तळव्याएवढं, पाकळ्या अशा तलम की वाटावं साडीवाल्या शेठच्या गोडाऊनमधला भारीतला माल कुणीतरी इथं आणून ठेवलाय. फडा मात्र तसाच, धुळीनं राखाडी झालेला, काट्यांत कुणाच्या तरी पतंगाचा तुटलेला मांजा अजून अडकलेला. मी बघितलं, चहा संपवला, कप विसळला. मग सिंकपाशी उभी असताना आठवलं, की अरे, फूल आलं म्हणजे वैशाख लागला. आणि वैशाख लागला म्हणजे आखाजी आली.

सोनलचे पप्पा असते तर त्यांनी गॅलरीतूनच हाक मारली असती, "ये व, फूल उनं!" माझ्या हातात कणीक असो नाहीतर दळणाचा डबा, आधी फूल बघायला जायचं. दरवर्षी तेच फूल, दरवर्षी तीच हाक. मी म्हणायची, "अहो, गेल्या वर्षी पण असंच होतं." ते म्हणायचे, "ते येगळं व्हतं." आता घरात अहिराणी बोलणारं कुणी नाही. मी माझ्यापुरती पुस्तकी मराठी बोलते, खाली उतरलं की सुरतेची गुजराती, रिक्षात हिंदी. जिभेला कुठलीच अडत नाही.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं. गेल्या ज्येष्ठात दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी शेजारीच साड्यांचे धागे कापत बसले होते. झोपलेत म्हणून रेडिओसुद्धा बारीक केला होता. शेजारच्या हंसाबेन वरण मागायला आल्या, त्यांच्या लक्षात आलं. मग माणसं आली, गाड्या आल्या, गावाकडून बस भरून नातेवाईक आले. बायका गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, जसं काही त्यांचंच कुणी गेलंय. भेस्तानची जाऊबाई म्हणाली, "रडून घे गं माय, आत धरून ठेवू नको." मी म्हटलं बरं. पण बरं म्हटल्यानं रडू येत नाही.

तेरावं झालं त्या दिवशी सोनलनं मला स्वयंपाकघरात गाठलं. ती लग्न होऊन नवसारीला असते. बापाची लाडकी. रडून रडून डोळे सुजलेले. मी मोठी पातेली घासत होते, परत द्यायची होती म्हणून. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, तुला काहीच वाटत नाही का?"

मी पातेलं उपडं घातलं. खोटं बोलायचं तर तेवढं बळ हवं. खरं बोलायचं तर खरं काय होतं हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "डब्यात लाडू भरून ठेवलेत, घेऊन जा." तिनं डबा नेला नाही.

तेव्हापासून आमचं बोलणं फोनवर. "मम्मी, जमी लीधुं?" "हो, जेवले. तू?" "हा. गोळी घेतली?" "घेतली." तिच्याकडचा पंखा ऐकू येतो. मग ती म्हणते, "चल मूकुं छुं," आणि फोन ठेवते. पोरगी वाईट नाही, काळजीनं रोज फोन करते. पण त्या दिवशीचा प्रश्न तसाच मध्ये पडून आहे, आणि तिला वाटतं, तिच्या बापासाठी माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हे एक मला कळतं, बाकी काही कळो न कळो. तिचं माझ्यावरचं मन उडालंय, आणि ते कसं परत आणायचं याची मला काही युक्ती नाही.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. आणि त्याच दिवशी गेलेल्यांची घागर भरतात. नवी मातीची घागर, पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, किंवा आंबा, आणि शेणाच्या गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. म्हणजे अंगणात पोरी झोक्यावर हसतायत आणि आत चुलीपाशी मेलेल्या माणसाला जेवायला वाढतायत. लहानपणी मला यात काही विचित्र वाटायचं नाही. जे येणार ते सगळे आजच येणार, एवढंच. यंदा आमच्या घरी दोघंही येणार आहेत, लेक आणि तिचा बाप. आणि मी यजमानीण, जिला काही वाटत नाही.

माझ्या गावाकडे, पारोळ्याच्या बाजूला, वैशाखात हिरवं असं काही उरत नाही. जमीन तापून भेगाळलेली. नाल्यात वाळू. तरी त्या दिवसांत रान फुलायचं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटत नाही. नेपतीच्या काड्यांना पान एक नाही, पण विटकरी फुलं लगडलेली. रुईची जांभळट फुलं, त्यांचा तो उग्र वास. बाभळीचे पिवळे गोंडे वाऱ्यानं गळून वाटेवर सांडायचे, आम्ही पोरी ते कानात घालायचो. आणि बांधाबांधांवर फड्या निवडुंगाची कुंपणं, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, त्यांच्यावर पिवळी फुलं. सकाळी पिवळी, दुपार कलली की केशरी व्हायची, संध्याकाळी मिटायची, खलास. ज्याला वर्षभर कुणी विचारत नाही, बकरीसुद्धा तोंड लावत नाही, त्याच्यावर सगळ्यांत नाजूक फूल. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. आमचा डोळा बोंडांवर. लाल-जांभळी बोंडं काठीनं पाडायची, वाळूत घोळायची, फडक्यात धरून दगडावर घासायची, मग खायची. जीभ रंगायची, आई ओरडायची. बोंडांना बारीक कुसळं असतात, मोठ्या काट्यांपेक्षा वाईट. मोठा काटा दिसतो, काढता येतो. कुसळ दिसत नाही आणि दिवसभर टोचतं.

माझं लग्न झालं आणि मी सुरतेत डिंडोलीला आले, तो पहिला वैशाख मला आज फुलाकडे बघताना आठवत होता. एक खोली, पत्र्याचं छप्पर, सामायिक नळ. सुरतेचा उन्हाळा म्हणजे आमच्यासारखा कोरडा नाही, अंगाला चिकटणारा. बाहेर बघायला गेलं तर कॅनॉलच्या कडेला ती वेडी बाभूळ आणि दूर कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या चिमण्या. सोनलचे पप्पा पलसाण्याला डाइंग हाउसमध्ये रातपाळी करायचे. मी घरी साड्यांचे धागे कापायची. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या मागच्या बाजूला धाग्यांची जाळी राहते. ती बारीक कात्रीनं कापायची, कापड न कापता. गठ्ठे दारात येऊन पडायचे, संध्याकाळी माणूस घेऊन जायचा. अख्खी चाळ हेच करायची. उंबऱ्यावर बसलेल्या बायका, मांडीवर रंगीत जॉर्जेट, आणि पायाशी धाग्यांचे पुंजके.

लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणजे लेकीनं माहेरी जायचंच. भाऊ न्यायला येतो. पण लगीनसराई होती, मिल दिवसरात्र चालू, यांना रजा नाही, आणि माझा भाऊ ऐन वेळी आजारी पडला. राहिलं माझं जाणं. मी दोन दिवस धागे कापता कापता नाक ओढत होते. तेव्हा मी फार रडायची. इतकी रडायची की हे वैतागून म्हणायचे, "तुना डोया शेत का नय?" तुझे डोळे आहेत का नळ! आज हे आठवलं की मला दुसऱ्याच बाईची गोष्ट वाटते.

आखाजीच्या सकाळी मी नळावर गेले होते. परत आले तर हे पाळीवरून आलेले. चेहरा झोपेनं उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी चाललेलं. खोलीभर मी साड्या पसरून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर यांचा रुमाल उघडलेला आणि रुमालात निवडुंगाची बोंडं. शिवाय पिवळं फूल एक, आणि अख्खा एक फडा. पलसाण्याहून मिलचा टेम्पो रेल्वेच्या फाटकापाशी सोडायचा, तिथून हे लाइनीच्या कडेनं चालत यायचे. तीच लाइन जी पुढे नंदुरबार, अमळनेरला जाते. तिच्या भरावावर कुठंतरी निवडुंग वाढला होता, तो यांच्या नजरेत भरला.

"तुनासाठे लई उनू," हे म्हणाले. "मायेर नही तं मायेरनं झाड तरी." आणि वर ऐट अशी, की मी येईपर्यंत त्यांनी माझ्या धागे कापून झालेल्या साड्यांच्या घड्या पण घालून ठेवलेल्या. एकावर एक, छान.

मी हरखले. घागर खाली ठेवली आणि वरची साडी हातात घेतली. बोट झटकलं. दुसरी घेतली, परत झटकलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, हात दाखवा." त्यांनी हात पुढे केले. बोटं, तळवे, सगळीकडे बारीक सोनेरी कुसळं. उन्हात धरले तर हाताला लव फुटल्यासारखी दिसत होती. "तुम्हाला टोचत नाही?"

"माले तं काहीच नही," हे म्हणाले. आणि ते खरंच होतं. वाफेतून निघालेलं कापड वर्षानुवर्षं उघड्या हातानं ओढून, रंगात आणि सोड्यात बुडवून त्यांच्या हाताची कातडी मेली होती. तवा उघड्या हातानं उतरवायचे. चहाचा कप कितीही गरम असो, घट्ट धरायचे. मला लग्नात वाटलं होतं काय धीट माणूस आहे. धीट कसला, हातालाच कळत नव्हतं. त्या हातांनी त्यांनी बोंडं तोडली, त्याच हातांनी साड्यांच्या घड्या घातल्या आणि प्रत्येक घडीत कुसळं पेरून ठेवली.

मी काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या बायका हसायला जमल्या. एक म्हणाली, "नवरा प्रेमानं काटे घेऊन आला गं!" मला हसू येईना. त्या साड्या कुठल्या तरी नवरीच्या अंगावर जाणार होत्या, संध्याकाळी माणूस येणार होता, आणि असा माल परत आला की त्या घरात पुन्हा काम येत नसे. मग आम्ही बसलो. दार लावून घेतलं, खिडकीपाशी उजेडात सरकलो. कुसळ डोळ्यांना दिसत नाही आणि यांच्या बोटांना कळत नाही. म्हणून मी शोधायची आणि ते काढायचे. बोटांनी चाचपत बसले असते तर माझीही बोटं भरली असती. मी साडी मनगटाच्या आतल्या बाजूवरून हळूहळू ओढायची. तिथं कळलं नाही तर गालावरून. आणि अगदीच बारीक असेल तर ओठांवरून. ओठाला सगळं कळतं. टोचलं की मी थांबायची आणि म्हणायची, "आठे," म्हणजे इथे. माझ्या तोंडी अहिराणी तेव्हा होती. हे चिमटा घेऊन वाकायचे. "आठे?" "नही, खाले." "आठे?" "हां, आठे." त्यांचे डोळे घारीचे, उजेडात एकदा जागा सांगितली की बरोबर चिमट्यात धरायचे.

लाल साडी, मोरपंखी साडी, एक राणी रंगाची होती तिला तर फार कुसळं. माझे ओठ सुजले. आखाजीचा स्वयंपाक राहिला. दुपारी कुणीतरी खिडकीतून आमरसाची वाटी आत सरकवली, ती आम्ही त्या साड्यांपासून लांब बसून, मी यांना भरवत, खाल्ली, कारण यांच्या हातांनी काही खायची सोय नव्हती. मधेच मला हसू फुटलं. एकदा फुटल्यावर थांबेना. हे म्हणाले, "आत्ते कसं हासू उनं?" मी म्हटलं, "मायेरी गेले असते तर झोक्यावर बसले असते. इथं साड्यांची पापी घेत बसलेय." ते लाजले. मिलमध्ये काम करणारा दांडगा गडी लाजला, हे मी पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या साड्या स्वच्छ झाल्या, माणूस येऊन घेऊन गेला, त्याला काही कळलं नाही.

मग यांनी मिलमधून केमिकलचा निळा ड्रम आणला, अर्धा कापला, धुतला आणि त्यात तो फडा लावला. "ह्याले पानी लागस नही," म्हणाले. तेव्हापासून जिथं राहायला गेलो तिथं ड्रम आला. पत्र्याच्या खोलीतून चाळीत, चाळीतून या फ्लॅटमध्ये. हंसाबेन आल्या दिवसापासून सांगतात, "बेन, घरमां कांटावाळो थोर ना रखाय, कजियो थाय." काटेरी झाड घरात ठेवलं की भांडणं होतात. मी म्हणायची, भांडणं झाडाशिवाय पण होतात, हंसाबेन. आणि सोनल लहान असल्यापासून दर आखाजीला हे तिला ती साड्यांची गोष्ट सांगायचे. दरवर्षी साड्या वाढायच्या. शेवटी शेवटी तर अख्खा टेम्पो भरून साड्या होत्या आणि मी दोन दिवस उपाशी. पोरगी म्हणायची, "पप्पा, केटली वार!" किती वेळा सांगणार! पण ऐकायची.

कॉलेजात असताना तिनं नर्सरीतून एक कॅक्टस आणला होता. पांढऱ्या कुंडीत हिरवा दांडा, वर लालभडक गोळा. हल्ली सगळ्यांच्या टेबलावर असतो तसा. हे त्याच्याभोवती फिरून आले. "हाई काय निवडुंग शे?" मग मला म्हणाले, लाल आहे ते फूल नाही, दुसऱ्याच झाडाचं डोकं आणून चिकटवलंय. सोनल त्याला रोज पाणी घालायची, मायेनं. महिन्याभरात दांडा मऊ पडून कुजला. ती रडली. हे म्हणाले, "बेटा, ह्या जातीला कोरडं राहू द्यायचं असतं. मरत नाही ते." मला हे आता वारंवार आठवतं. लोक माझ्याकडे येतात, जवळ बसतात, डोळ्यांत बघतात, पाणी घालायला बघतात. मला तेवढं सोसत नाही. मी मेलेले नाही. पण हे कुणाला सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं?

माझ्या बोटांचं कधी सुरू झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी सुईत दोरा ओवताना कळेना. मग कात्री हातात आहे की सुटली ते बघावं लागायला लागलं. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे नसा बधिर होतात, बरीच वर्षं वाढलेली असणार. गोळ्या दिल्या. मी कुणाला बोलले नाही. धाग्यांचं काम हळूहळू बंद केलं, सोनलला सांगितलं की डोळ्यांचा त्रास होतो. हे असतानाच सुरू झालं होतं, पण ते गेल्यावर वाढलं की तेव्हा लक्षात आलं, कुणास ठाऊक. कधी कधी वाटतं बोटांतून सुरू झालेलं वर चढत चढत सगळीकडे गेलं.

आज फुलाशी मी एक केलं. निवडुंगाच्या फुलात आत पिवळ्या केसरांची दाटी असते. त्यांना बोट लावलं की ते हलतात. हळूच, बोटाभोवती आत वळतात, जवळ येतात. हे मला यांनीच दाखवलं होतं. मी बोट घातलं. केसर हलले, वळले, माझ्या बोटाच्या चारी बाजूंनी येऊन टेकले. मी ते बघितलं. फुलाला माझं बोट कळलं, मला फूल कळलं नाही. मग कुकरची शिट्टी झाली.

हे सगळं लिहायला घेतलं त्याला चार-पाच दिवस झाले. मध्ये आखाजी झाली. तेवढी सांगते आणि थांबते.

सोनल सकाळी आली. जावई खाली सोडून गेले, दुकान उघडायचं म्हणून. तिनं माझ्या पाया पडून पिशवी ओट्यावर ठेवली, आंबे काढले. "सरस छे आ वखते," म्हणाली. यंदा चांगले आहेत. मग ती रस काढायला बसली आणि मी पुरण वाटायला. दीर भेस्तानहून आले, त्यांनी हॉलमध्ये पाट मांडला, घागर ठेवली, पाण्यात वाळा टाकला. गोवरी पेटवायला ते गच्चीवर गेले, कारण फ्लॅटमध्ये धूर केला की वरचे ओरडतात. घरात आम्ही दोघीच.

घागरीला मोगऱ्याची वेणी घातली होती. मी बघितलं आणि मला वाटलं, हे बरोबर नाही. मोगरा त्यांना कधी आवडला नाही, वासानं डोकं दुखायचं. गॅलरीत गेले. झाडाला त्या दिवशी फुलं दोन. एक तोडलं, आत येऊन घागरीवर ठेवलं. सोनल बघत होती. रसाचे हात तिनं धुतले होते, तरी ती ते पुढे धरूनच उभी होती. फूल बघितलं आणि तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला. ती खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली.

मला रडू आलं नाही. आलं असतं तर किती बरं झालं असतं, दोघींनी मिळून रडलो असतो, सगळं धुऊन निघालं असतं. मी तिच्याजवळ बसले आणि मला जे करता येत होतं ते केलं. दोन्ही हातांनी तिचे गाल पुसले.

"आऽऽ!" ती किंचाळून मागे सरली. "मम्मी! टोचतंय! काय लावलंस?"

मी हात बघितले. बोटांच्या टोकांवर, तळव्यावर, सोनेरी लव. फुलाच्या बुडाला कुसळं असतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. तोडताना फडकं घ्यायचं, हे मी जगाला सांगत आलेय.

सोनलनं माझा हात धरून उजेडात नेला. "एवढी कुसळं? आणि तुला कळलं नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"बोटांना काही कळत नाही आता. शुगरनं."

"कधीपासून?" ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडे. तिच्या गालावर लाल ठिपके उठायला लागले होते आणि मधूनच पाणी ओघळत होतं. ती म्हणाली, "पप्पांसारखं."

"हो."

"पप्पांना पण कळत नव्हतं. तरी घेऊन आले होते ना. तुझ्यासाठी." तिचा आवाज फाटला. "मम्मी, मी तुला त्या दिवशी काय बोलले."

"ते जाऊ दे. गाल सुजेल. चिमटा आण."

तिनं चिमटा आणला आणि हातात धरून बसली. आरसा घेतला, आरशात काही दिसेना. मी बोटं पुढे केली, मग मागे घेतली. माझी बोटं काय शोधणार! गच्चीवरून गोवरीचा धूर खिडकीतून आत येत होता, दीर वरून विचारत होते, "वहिनी, पोळी लेवाले येऊ का?"

मी सोनलची हनुवटी मनगटानं वर केली, उजेडाकडे वळवली आणि तिच्या गालाला ओठ लावले. किती वर्षांनी, मला सांगता येणार नाही. गाल गरम होता. खारट होता. मी ओठ हळूहळू सरकवत खाली आणले, डोळ्याखालून, नाकाच्या कडेनं. ती श्वास धरून बसली होती. आणि एका जागी बारीकसं, नेमकं, टोचलं. ओठाला टोचलं. मला टोचलं.

"आठे," मी म्हणाले.

"आठे?" चिमटा वर करत सोनलनं विचारलं.

"नही, खाले."